चवीच्या वहीत खरं लिहूया

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, बऱ्याच जणी भांडी आवरून जरा टेकल्या असतील, काही दादा बांधावर बसून ऐकत असतील, आणि आपली पोरं आत्ताच शाळेत जेवून, हात धुऊन वर्गात गेली असतील. आज शाळेच्या जेवणात काय होतं? पोरं संध्याकाळी घरी आली की आपण अभ्यासाचं विचारतो, मार्कांचं विचारतो, हे मात्र विचारायचं राहून जातं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांची आई आहे आणि तीन वर्षं झाली, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्या शाळेत स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वही असते, चव नोंदवही. नियम असा आहे की शिजलेलं अन्न मुलांना वाढायच्या आधी २-३ मोठ्या माणसांनी चाखायचं, त्यात एक तरी शिक्षक पाहिजे, आणि मग वहीत नोंद करायची. समितीवर आल्यावर मी पहिल्यांदा ती वही उघडली तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द, "चांगली". सोमवारी चांगली, मंगळवारी चांगली, पावसाळ्यात ओल्या लाकडांवर खिचडी अर्धवट शिजली त्या दिवशी पण चांगलीच. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्याच महिन्यात माझा धाकटा दोनदा डबा मागत होता, "आई, खिचडी नुसती पाण्यासारखी असते गं."

मग मी एक दिवस सकाळीच जाऊन बसले. आमच्या मावशी, म्हणजे स्वयंपाक करतात त्या, तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, मावशी, मी पण निवडते. त्या दिवशी ४० मुलं हजर होती. आता हिशोब सांगते, तो प्रत्येक आईबापाला तोंडपाठ हवा. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात ग्रॅम, आणि ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. आमची शाळा पाचवीपर्यंतची, म्हणजे ४० मुलांना ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी. मावशींनी डाळ काढली ती वजनकाट्यावर ठेवली तर भरली ३०० ग्रॅम.

मी लगेच मावशींवर डोळे वटारले, आता त्याची लाज वाटते. मावशी शांतपणे म्हणाल्या, ताई, डब्यात बघ, डाळ एवढीच राहिलीय आणि महिना संपायला आठ दिवस आहेत, पुढचा माल आला नाही तर रोज थोडी थोडी टाकून पुरवते. खरंच तसं होतं, पुरवठा वेळेवर झालेला नव्हता, आणि भाजीचे पैसे सुद्धा शाळेला उशिरा मिळत होते म्हणून सर दुकानातून उधारीवर भाजी आणत होते. हे सगळं चालू होतं आणि वहीत "चांगली" लिहिलेलं होतं, म्हणजे वर कुणाला कळणार कसं? सरकारी ॲपवर रोज किती मुलं जेवली तो आकडा जातो, पण डाळ किती पडली, मुलांनी किती खाल्लं आणि किती टाकलं, ते त्या आकड्यात येत नाही, ते फक्त त्या खिडकीतल्या वहीत येऊ शकतं.

म्हणून मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की तपासणी म्हणजे वरून साहेब गाडीतून येणं एवढंच नाही. साहेब यावेत, जरूर यावेत, महिन्यातून काही शाळांचे नमुने प्रयोगशाळेत जावेत असंही मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमात आहे, ते व्हायलाच पाहिजे. पण साहेब येणार म्हणून कळलं की त्या दिवशी डाळ घट्ट होते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रोजची तपासणी ही रोज तिथे असणाऱ्यांनीच करायची, मावशी, शिक्षक, आणि आळीपाळीने आपण पालक.

त्यातही मावशींचं म्हणणं आधी ऐका. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जे झालं ते आठवतं का? जेवण खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं, शेतात फवारतात ते विष. आपल्याकडे किती घरांत फवारणीचे रिकामे डबे धुऊन वापरायला काढतात, म्हणून हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. आणि तेव्हाच्या बातम्यांत हेही आलं होतं की तेल बरोबर दिसत नाही, वास येतोय, असं स्वयंपाक करणारीने सांगितलं होतं, तरी तेच वापरायला लावलं. तिचं नाक बरोबर होतं, तिचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. केंद्राने २००९ साली स्वयंपाकी-मदतनीसांना महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले १० महिने, त्यावर राज्य आपली भर घालतं. इतक्या कमी पैशात राबणारी बाई हेडमास्तरांपुढे "हे तेल नको" असं किती जोरात बोलणार? तिच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथे उभं पाहिजे.

आता चाखायचं कसं ते सांगते, कारण शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो पण मोठ्या टोपात ती पुरत नाही. वरचा डाव घेतला तर मऊ लागतं, तळाशी करपलेलं असतं किंवा डाळ सगळी खाली बसलेली असते, म्हणून तळापर्यंत हलवून मगच घ्यायचं आणि बोटाला लावून नाही, वाटीभर खायचं, बसून. कडधान्य दोन बोटांत दाबून बघा, चुरडलं नाही तर ते कच्चं आहे आणि पोरांचं पोट दुखणार. तेल खवट आहे का ते शिजल्यावर मसाल्यात कळत नाही, आधी डब्यातच वास घ्या. गोणी फोडल्यावर सोंडे, जाळी दिसली तर तशीच पुढे ढकलू नका, फोटो काढा, वहीत लिहा, बदलून मागा.

आणि शहरातल्या मंडळींसाठी, जिथे एका मोठ्या किचनमधून टेम्पोने शाळांना जेवण जातं, तिथे एक गोष्ट नक्की बघा, अन्न किती वाजता शिजलं आणि किती वाजता वाढलं. भातात काही जंतूंचे बीजाणू उकळल्यावरही मरत नाहीत, भात कोमट होऊन तासन्तास तसाच राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. झाकण काढल्यावर डब्यातून चांगली वाफ आली पाहिजे, कोमट आलं तर तिथेच थांबवा.

पोरांना विचारायची पण एक पद्धत आहे. वर्गात उभं राहून "जेवण चांगलं असतं का रे" विचारलं की सगळी एका सुरात "होऽऽ" म्हणतात, बाई समोर असतात ना. त्यापेक्षा काल काय होतं ते विचारा, कुणी परत मागून घेतलं ते विचारा, आणि जेवण झाल्यावर खरकट्याची बादली बघा. आमच्याकडे एका वारी बादली अर्धी भरायची, बघितलं तर तिखट जास्त पडत होतं, पहिलीची पोरं पाणी पिऊन पोट भरत होती. मावशींनी तिखट कमी केलं, बादली रिकामी झाली.

हे जेवण कुणाची मेहरबानी नाही हो. १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराची ही योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला ३ किलो कोरडे तांदूळच घरी मिळायचे, २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच द्या म्हणून आदेश दिला, आणि २०१३ पासून अन्न सुरक्षा कायद्यात हा मुलांचा हक्क आहे. सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण मिळालं नाही तर राज्याने जबाबदारी ठरवायची आणि ज्या दिवशी मिळालं नाही त्याबद्दल मुलाला धान्य आणि पैसे भत्ता म्हणून द्यायचे, असंही नियमात लिहिलंय.

त्या ३०० ग्रॅमच्या दिवशी मी वहीत लिहिलं, "हजर ४०, डाळ ८०० ऐवजी ३०० ग्रॅम, साठा संपत आला, मावशींचा दोष नाही." सरांनी एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि खाली स्वतःची सही केली. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा बघणारे अधिकारी, आले तेव्हा सरांनी स्वतःहून ते पान उघडून दाखवलं, डाळ मागायला आता सरांच्या हातातही नुसत्या तोंडी तक्रारीऐवजी काहीतरी लेखी आलं होतं. डाळ चार दिवसांनी आली. आता दर गुरुवारी माझी पाळी असते, शुक्रवारची अजून कुणी घेतलेली नाही.