अळवावरचं पाणी आणि टायटॅनियमचा स्क्रू

नमस्कार, श्रोतेहो.

परवा गिरगावच्या एक काकू दवाखान्यात आल्या. दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे नवा दात पेलणारा जबड्याच्या हाडातला स्क्रू, बसवून पंधरा दिवस झाले होते. म्हणाल्या, "डॉक्टर, स्क्रू तर घट्ट आहे. मग वरचा दात बसवायला एवढे दिवस कशाला?"

प्रश्न रास्त होता.

हा स्क्रू टायटॅनियमचा. पण खरं सांगायचं तर हाडाची आणि त्या धातूची गाठ पडतच नाही. हवा लागली की टायटॅनियमवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतं ना, तेच टायटॅनियम डायऑक्साइड. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही टायटॅनियम आहे, बरं का.) हाडाला जे काही कळतं, ते या थरावरून.

1952 मध्ये स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेचना! हाड तिला धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

आता हाड धरतं कसं? स्क्रू आत गेला की त्याच्यापाशी आधी पाणी पोचतं, मग रक्तातली प्रथिनं आणि पेशी त्यांच्या मागून. प्रथिनं जशी बसतील तशी पेशींना जागा मिळते. रक्ताची गुठळी पृष्ठभागाला चिकटून राहिली, तर तिच्या जाळीवरून हाड बांधणाऱ्या पेशी सरपटत थेट स्क्रूपर्यंत येतात. गुठळी सुटली, तर वाटच तुटली.

गंमत अशी, की आम्लाने नुकतंच खरवडलेलं टायटॅनियम पाण्याला ओढून घेतं. तोच तुकडा काही आठवडे हवेत राहिला, की हवेतली कार्बनची संयुगं त्यावर बसतात आणि पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहतो. स्क्रू निर्जंतुक असतो, डोळ्यांना स्वच्छ दिसतो, तरी "जुना" झालेला असतो. म्हणून काही इम्प्लांट मिठाच्या पाण्यात बुडवूनच येतात, तर काही ठिकाणी बसवण्याआधी त्यांच्यावर अतिनील किरण सोडतात. असा ओला स्क्रू हाडाच्या तोंडाशी नेला की रक्त त्याच्या आट्यांवरून आपोआप वर चढतं. इतकी वर्षं झाली, तरी मी ते थांबून बघतो.

नुसत्या खरबरीत स्क्रूला सहा ते आठ आठवडे थांबायचे, तिथे या पाणीप्रेमी स्क्रूंनी वेळ तीन-चार आठवड्यांवर आणली. पण हाड चांगलं असेल, तर वर्षभराने दोन्हींत फारसा फरक उरत नाही. फायदा काय तो सुरुवातीचा. जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नसतं!

काकूंचा स्क्रू साधा, खरबरीत. पहिल्या दिवशीचा घट्टपणा हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. पुढे आजूबाजूचं दुखावलेलं हाड शरीर काढून टाकतं, नवं अजून भरलेलं नसतं, आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात सैल होते. हाताला हा सैलपणा जाणवत नाही, एवढंच.

हे सगळं ऐकून काकूंनी पर्स उचलली. दारातून वळून म्हणाल्या, "म्हणजे यंदा चकली दुसऱ्या बाजूनेच."

म्हटलं, "आणि जपून."