एकवीस अंक, दोन अवयव

[दृश्य: फळा. खडू एकेक अंक लिहीत जातो.]

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

सदुसष्ट वेळा दोन घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून एक वजा करा. ही एकवीस अंकी संख्या मिळते.

[दृश्य: जुन्या छापील ग्रंथाचं पान]

फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी छापली. त्यांच्या मते ही मूळ संख्या होती. सिद्धता दिलेली नव्हती. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी आपली कसोटी लावून दाखवलं, की ही मूळ नाही, हिला भाग जातो. कशानं जातो, हे मात्र त्या कसोटीतून कळत नाही.

[दृश्य: आकडेमोडीनं भरलेले कागद]

मग ते शोधायचं कसं? या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला १३४ नं भागलं, तर बाकी एकच उरते. आठनं भागलं, तर एक किंवा सात. या दोन चाळण्या लावल्या तरी लहान अवयवापर्यंत पोचताना सात लाखांहून जास्त संख्या तपासायच्या राहतात. अमेरिकेतले फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गसंख्यांच्या बाक्या वापरून चाळण्या आणखी बारीक केल्या. यंत्र नव्हतं, सगळं हातानं. तीन वर्षांचे रविवार यात गेले, असं कोल म्हणाल्याचं सांगतात.

[दृश्य: पुन्हा फळा, जवळून. गुणाकार सुरू होतो.]

३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोल फळ्यापाशी गेले आणि, आख्यायिका खरी मानली तर, एक शब्दही न बोलता त्यांनी गुणाकार मांडला.

७,६१,८३,८२,५७,२८७ गुणिले १९,३७,०७,७२१.

हा गुणाकार आम्ही मुद्दाम पूर्ण चित्रित केला आहे. शून्याची ओळ वगळली तर आठ ओळी होतात. खालच्या संख्येत सात तीनदा आहे, म्हणून ५३,३२,८६,७८,०१,००९ ही ओळ तीनदा येते, दर वेळी डावीकडे सरकलेली. पहिली आणि शेवटची ओळ एकच, फक्त आठ घरं सरकलेली. आता बेरीज. उजवीकडून सात, मग दोन, मग नऊ. हातचे सांभाळत शेवटपर्यंत जा.

[दृश्य: दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी. काही क्षण निवेदन नाही.]

अवयव शोधायला वर्षं लागली, पण ते तपासायला शाळेतला गुणाकार पुरतो. कोल यांच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज कोणालाच नव्हती. गणितातली ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

आजचा संगणक हे अवयव क्षणात काढतो. पण शोधणं अवघड आणि तपासणं सोपं, या तफावतीवरच इंटरनेटवरची बरीचशी गुप्तता उभी आहे. तिथल्या संख्या सहाशेहून जास्त अंकांच्या असतात.