आधी गारवा, मग वेग: आरएक्स ५८०चं ओव्हरक्लॉकिंग

मंडळी, ‘बजेट ग्राफिक्स कार्ड’ असं मोघम बोललं की सल्लाही मोघमच मिळतो. म्हणून आज ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालवण्यासाठी, एकच कार्ड समोर ठेवू: एएमडीचं रेडिऑन आरएक्स ५८०, ८ जीबीचं. हे एप्रिल २०१७मध्ये आलं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून ते चलन मिळवणं) थांबलं आणि मायनिंगवाल्यांनी अशी कार्डं ढिगाने विकायला काढली. आपल्याकडे कमी पैशांत गेमिंगचा पीसी जुळवणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये हे कार्ड त्यामुळेच फार दिसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अशा कार्डात बाहेरून वेग ओतायला फारशी जागा नसते. त्याचा स्वतःचाच वेग उष्णतेने आणि विजेच्या मर्यादेने अडवलेला असतो. आपलं काम तो मोकळा करण्याचं. म्हणून क्रम असा: साफसफाई, पेस्ट (चिपची उष्णता वर पोचवणारा लेप), हवा, मग व्होल्टेज खाली, आणि सगळ्यात शेवटी मेगाहर्ट्झ, म्हणजे वेग, वर. बरेच जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

थोडं गणित करू. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५८०चा मूळ बूस्ट वेग (कार्ड स्वतःहून गाठतं तो वरचा वेग) १३४० मेगाहर्ट्झ, आणि सर्वांत वरच्या पायरीचं व्होल्टेज बऱ्याच कार्डांवर ११५० मिलिव्होल्टच्या आसपास. समजा वेग १४०० केला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १२०० केलं. वेग वाढला साडेचार टक्के, वीज वाढली साधारण १४ टक्के. आता उलट करून बघा. वेग मूळ १३४०च ठेवून व्होल्टेज १०५० केलं, तर वीज जवळपास १७ टक्क्यांनी उतरते. शिवाय चिप गार राहिली की तिच्यातली विजेची गळतीही कमी होते, म्हणजे थंडाव्याने वीज आणखी वाचते. व्होल्टेज खाली आणणं हेच या कार्डाचं खरं ओव्हरक्लॉकिंग आहे.

कामाला लागण्याआधी कार्ड ओळखा. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून शेडर्सचा (चिपमधल्या छोट्या गणनाकेंद्रांचा) आकडा बघा. तो २३०४ असायला हवा. २०४८ दिसला तर तुमच्याकडे ‘५८० २०४८एसपी’ ही कमी ताकदीची आवृत्ती आहे. मेमरी कुठल्या कंपनीची तेही तिथेच दिसतं. सॅमसंगची असेल तर पुढे मेमरीचा वेग वाढवायला हात मोकळा राहतो. मग मूळ घड्याळाचे आकडे बघा. कोअर (मुख्य चिप) ११००-१२०० आणि मेमरी २००० मेगाहर्ट्झच्या वर दिसली, तर कार्डात मायनिंगचा बायोस (कार्डातच साठवलेला, त्याची सेटिंग ठरवणारा प्रोग्राम) अजून बसलेला आहे. असा बायोस गेममध्ये अडखळतो आणि नेहमीचा ड्रायव्हर काही वेळा त्याला उभंच करत नाही. काही मॉडेल्सवर कडेला बायोसचा बारीक स्विच असतो. पीसी बंद करून तो पलीकडे सरकवला की पुष्कळदा मूळ बायोस मिळून जातो. स्विच नसेल तर नेमक्या त्याच मॉडेलचा, त्याच मेमरीचा मूळ बायोस परत चढवा. बदललेल्या बायोसवर ओव्हरक्लॉकिंग करू नका. काय बिघडलं आणि कशामुळे, याचा पत्ताच लागत नाही.

आता मूळ स्थिती नोंदवून ठेवा. सुपरपोझिशन किंवा हेवन हा बेंचमार्क (कार्डावर ताण टाकून गुण देणारा प्रोग्राम) अर्धा तास चालवा. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कोअरचं तापमान, पंख्याचे फेरे, प्रत्यक्ष वेग आणि वीज यांची नोंद घ्या, आणि खोलीचं तापमान न विसरता लिहा. या कार्डाचा वीजआकडा फसवा असतो. सॉफ्टवेअर फक्त चिपची वीज दाखवतं. मेमरी, पंखे आणि व्हीआरएममध्ये (चिपला हवं ते व्होल्टेज पुरवणाऱ्या भागात) जाणारी वीज त्यात धरलेली नसते. तिथे १३५ वॅट दिसले म्हणून अख्खं कार्ड १३५ वॅटवर चाललंय असं समजू नका. अख्ख्या ५८०चा अधिकृत वीजआकडा १८५ वॅट आहे.

आणखी एक चाचणी, तीही फुकटची. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान ५ ते ७ अंशांपेक्षा जास्त उतरलं, तर दोष कार्डापेक्षा कॅबिनेटचा आहे. समोरून १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतील आणि मागचा एक बाहेर फेकेल एवढी सोय करा. समोर काच असलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हवेला कडेच्या बोटभर फटीतूनच शिरावं लागतं. तिथे कितीही पंखे लावले तरी कार्ड स्वतःचीच गरम हवा फिरवत बसतं.

आता कार्ड उघडू. आधी दहा मिनिटं गेम चालवून ते कोमट करा, कारण वाळलेली पेस्ट थंड असताना सिमेंटसारखी धरून बसते. पीसी बंद करा, वायर काढा, कार्ड बाहेर घ्या. चिपच्या मागचे स्प्रिंगवाले चार स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढायचा नाही. हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा. सुटला की लगेच उचलू नका, खाली पंख्याची बारीक वायर असते. तिचा कनेक्टर आधी काढा, नाहीतर बोर्डावरचं सॉकेटच उपटून येतं.

पंख्यांचं आवरण काढलंत की खरी अडचण दिसते. बाहेरून कार्ड स्वच्छ वाटतं, पण पंखे आणि फिन्सच्या (हीटसिंकच्या पातळ धातूच्या पात्यांच्या) मध्ये धुळीचा राखाडी थर घोंगडीच्या तुकड्यासारखा बसलेला असतो. बोटाने धरला तर सलग निघतो. हवा फिन्सपर्यंत पोचतच नव्हती, मग पेस्ट कितीही महाग लावून उपयोग काय? मऊ ब्रशने तो थर काढा आणि मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिपभोवती बारीक कपॅसिटर आहेत, तिथे धातूची पट्टी घासू नका. ५८०ची चिप २३२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे साधारण १५ मिलिमीटरचा चौकोन. प्रोसेसरसारखं तिच्यावर धातूचं झाकण नसतं. म्हणून मधोमध ठिपका ठेवून भागत नाही. एखादा कोपरा कोरडा राहिला की तेवढाच भाग तापतो. पातळ, एकसारखा थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. वीज वाहून न नेणारी एमएक्स-४सारखी पेस्ट पुरते. उघड्या चिपवर सारख्या गरम-थंड होण्याने पातळ पेस्ट वर्षभरात कडेला ढकलली जाते. तो त्रास टाळायचा असेल तर हनीवेलचं पीटीएम ७९५० हे वितळणारं पॅड चांगलं. लिक्विड मेटल (द्रव धातूची पेस्ट) इथे नको. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं, आणि एक थेंब कपॅसिटरवर गेला की कार्ड संपलं.

थर्मल पॅडबाबत (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांबाबत) मात्र सावकाश चला, कारण सगळ्यात जास्त कार्डं इथेच बिघडतात. मेमरीवरचे आणि व्हीआरएमवरचे पॅड काढताना फाटले, तर नवे त्याच जाडीचे हवेत. जाडी मॉडेलप्रमाणे बदलते: १, १.५, २ मिलिमीटर, आणि एकाच कार्डावर दोन वेगळ्या जाड्याही असतात. जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजा. पॅड अर्धा मिलिमीटर जाड झाला की हीटसिंक चिपवर टेकत नाही, आणि ‘नवी पेस्ट लावल्यावर तापमान वाढलं’ ही तक्रार सुरू होते. पातळ झाला तर मेमरी कोरडी राहते. खात्री करायची असेल तर सगळं जोडा, स्क्रू घट्ट करा, लगेच पुन्हा उघडा आणि ठसे बघा. चिपवरची पेस्ट सगळीकडे दबलेली हवी, आणि प्रत्येक पॅडवर मेमरीच्या चिपचा चौकोनी ठसा उमटलेला हवा. पेस्ट थोडी वाया जाते, ती जाऊ द्या.

मूळ पंखे खरखरत असतील तर आवरणासकट काढून टाका आणि ९२ मिलिमीटरचे दोन साधे कॅबिनेटचे पंखे झिप टायने फिन्सवर आवळा, हवा हीटसिंककडे जाईल अशा दिशेने. हीटसिंक लांब असेल तर १२०चेही बसतात. ते मदरबोर्डला जोडून ‘फॅन कंट्रोल’ या प्रोग्राममध्ये जीपीयूच्या तापमानाशी बांधा. दिसायला गावठी, पण आवाज आणि तापमान दोन्ही उतरतात. पंख्याची पातळी ५० अंशांला ३५ टक्के, ६०ला ४५, ७०ला ६५, ८०ला ९० अशी ठेवा.

आता व्होल्टेज. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगच्या पानावर कस्टम निवडा. कोअरची सर्वांत वरची पायरी, स्टेट ७, मूळ वेगावरच ठेवा आणि व्होल्टेज २५ मिलिव्होल्टने खाली आणा. प्रत्येक वेळी १० मिनिटं चाचणी. ड्रायव्हर कोसळला किंवा स्क्रीन काळी झाली की आधीच्या चालत्या आकड्यावर या आणि वर आणखी १० ते १५ मिलिव्होल्ट ठेवा. बरीच कार्डं १०५० ते ११०० मध्ये स्थिरावतात. तुमची चिप तुमचीच असते, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. इथे एक गोम आहे. मेमरीसमोर दिसणारं व्होल्टेज मेमरीच्या चिपांचं नसतं, ती कोअरच्या व्होल्टेजची खालची मर्यादा असते. ती १०००वर ठेवून कोअरला ९५० दिलेत, तरी कोअर १०००च घेणार.

मग पॉवर लिमिट (कार्डाला घेऊ द्यायच्या विजेची मर्यादा) १० ते २० टक्के वाढवा आणि कोअर २५-२५ मेगाहर्ट्झने वर न्या. १४००च्या आसपास पोचल्यावर प्रत्येक पुढच्या पायरीला व्होल्टेजची मागणी फार वाढते. तिथे थांबा.

मेमरीत फायदा आहे, पण सापळाही आहे. २००० मेगाहर्ट्झला बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला २५६ जीबी असते, २१५०ला ती २७५ होते. मात्र २०००च्या पुढे गेलं की मेमरी पुढच्या, ढिल्या टायमिंगवर जाते, म्हणजे प्रत्येक कामाआधी जास्त थांबते. त्यामुळे २०५०ला एखाद्या वेळी मूळपेक्षा कमी फ्रेम्स मिळतात. दुसरं, या कार्डाची जीडीडीआर५ मेमरी चूक ओळखते आणि डेटा पुन्हा पाठवते. स्क्रीनवर ठिपके यायच्या आधीच वेग घसरू लागलेला असतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरी एररचा आकडा असतो, तो शून्यच हवा. आणि प्रत्येक पायरीला बेंचमार्कचा गुण लिहा: मेगाहर्ट्झ वाढले आणि गुण उतरला, तर मागे फिरा.

विजेच्या जोडणीत तडजोड नको. ८ पिनची जोडणी १५० वॅटसाठी आहे. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) एका कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट, म्हणजे दोन साटांतून ८ पिन करणारं स्वस्त अडॅप्टर १०८ वॅटच्या पुढे वितळू शकतं. एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) थेट ८ पिनची वायर येत नसेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा आणि ते पैसे चांगल्या ५०० वॅटच्या एसएमपीएसमध्ये घाला.

सेटिंग जमलं, तरी खोलीच्या तापमानाचा हिशेब राहतोच. तेवढ्याच विजेवर कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहतं. डिसेंबरात २४ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं कार्ड मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या ४० अंशांच्या खोलीत, पंखे तेवढेच फिरत असतील तर, ८६वर जाणार. नव्वदीच्या आसपास ते स्वतःच वेग उतरवतं, आणि कमी केलेलं व्होल्टेज गार चिपला पुरलं म्हणून तापलेल्या चिपला पुरेलच असं नाही. म्हणून हिवाळ्यात सेटिंग करणाऱ्यांनी ७० ऐवजी ६५चं लक्ष्य ठेवावं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम्स ६०वर बांधा. न दिसणाऱ्या फ्रेम्ससाठी कार्ड तापवू नका. आणि सेटिंग विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल असं करण्याआधी एप्रिल-मेमध्ये, दुपारी ३ वाजता, पंखा किंवा एसी नेहमी जसा असतो तसाच ठेवून, सलग २ तास गेम खेळून बघा.