दहा आकड्यांची राखण

(दृश्य : बीडचा मोंढा. खत-बियाण्याच्या दुकानात बिल फाडणं चालू आहे.)

पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पिशवी घेतली की बिलावर नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिला जातो. पीक विम्याच्या अर्जावर तोच नंबर. सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढताना तोच. झेरॉक्सवाल्याच्या टोपलीत पडलेल्या आधारच्या बिघडलेल्या प्रतीवर पेनने लिहिलेलाही तोच. ती बिघडलेली प्रत मागून घ्यावी आणि तिथेच फाडावी.

नंबर फुटायला गावच लागतं असं नाही. एप्रिल 2021 मध्ये फेसबुकच्या 53 कोटींहून जास्त खातेदारांचे नंबर इंटरनेटवर उघड्यावर आले. त्यात सुमारे 60 लाख भारतीय होते. कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नव्हता. फोनमधल्या नंबरांवरून ओळखीची माणसं शोधून देणारी एक सोय फेसबुकवर होती. चोरांनी तिच्यात नंबरांच्या याद्या ओतल्या आणि प्रत्येक नंबरापुढचं नाव काढून घेतलं. ती पळवाट 2019 मध्येच बुजवली होती, पण एकदा नावाला जुळलेला नंबर परत घेता येत नाही. निदान आता फेसबुकच्या सेटिंगमध्ये, फोन नंबरावरून आपल्याला कोण शोधू शकतं, तिथे ‘फक्त मी’ करून ठेवा.

(दृश्य : पारावर बसलेल्या शेतकऱ्याच्या हातातला फोन. मेसेज येतो.)

नंबराला नाव आणि गाव चिकटलं की मेसेज अगदी आपल्या घरचा वाटतो : ‘अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी, आपलं नाव तपासा.’ सोबत फाईल, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. यादी अशी येत नसते, ते अ‍ॅप असतं. बसवताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की तुम्ही तोंडातून शब्द न काढताही ओटीपी चोराकडे पोचतो. चुकून बसवलंच, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. अ‍ॅप काढणं त्यानंतर. आधी अ‍ॅप शोधत बसलात, तर तेवढ्या वेळात ओटीपी जातच राहतात.

(दृश्य : पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला. टोळी निघते आहे.)

बीड, धारूर, केजकडच्या ऊसतोड कुटुंबांची अडचण निराळीच आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर जाते, परतायला गुढीपाडवा उजाडतो. बँकेला आणि आधारला जोडलेलं सिम तोवर रिचार्जविना पडून राहतं. सलग 90 दिवस नंबर वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे किमान 90 दिवस थांबून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतात, आणि त्यात त्याचाही काही दोष नसतो. म्हणून निघण्याआधी त्या सिमवर कमीत कमी मुदतीचं का होईना, रिचार्ज टाका. हंगामातही ते चालू ठेवा. नंबर सोडायचाच असेल, तर आधी बँकेत, मग आधार केंद्रात नवा नंबर द्या. जुनं सिम शेवटी सोडा.

फडात रेंज नसते, त्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबराचं नवं सिम काढलं, तर तुमच्या फोनची रेंज एकदम जाते. शेजारच्याच्या फोनमध्ये त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्यात नाही, असं दिसलं की लगेच त्याच्या फोनवरून कंपनीला विचारा. सिम बदलल्यावर पहिले 24 तास नव्या सिमवर मेसेज बंद ठेवायचा नियम आहे. सावरायला मिळतो तो हाच वेळ.

फोन हरवला, तर सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येतं आणि ओटीपी तिथे येतात. त्याला आडकाठी सिमच्या पिनची. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ असतं. आधीची पिन कोणती, ते कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकली की आठ आकडी पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं जातं.

सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाला जास्तीत जास्त 9 ठेवता येतात. अनोळखी नंबर दिसला, तर त्यापुढे ‘माझा नाही’ अशी खूण करा.

(दृश्य : टपरीवर चहा. एकाचा हात फोनवर थरथरतो.)

पैसे गेले असतील, तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा. व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, तिथून ते काही मिनिटांत काढले जातात. आधी फोन लावा, पोलीस ठाण्यात नंतर जा.