बोविया: गच्चीवरचा चढता कांदा

(दृश्य: मातीची पसरट कुंडी. मातीच्या वर बसलेला, मुठीहून मोठा, फिकट हिरवा कांदा. पान नाही, कोंब नाही.)

हा कांदा जिवंत आहे. कित्येक आठवडे त्याला पाणी मिळालेलं नाही, आणि मिळायलाही नको आहे. वरची साल वाळून पातळ झाली आहे. बोट लावलं की कुरकुरते, थोडी बाजूला सारली की आतला ओलसर हिरवा थर दिसतो. दाबून पाहिला तर टणक लागतो. कांदा विश्रांती घेतोय की सडतोय, हे या टणकपणावरून कळतं.

याचं नाव बोविया वोल्युबिलिस. मूळ घर दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, ईस्टर्न केपपासून क्वाझुलू-नाताल आणि लिम्पोपोपर्यंत, आणि तिथून पुढे उत्तरेला झिम्बाब्वे, मलावीकडे. तिथल्या खडकाळ उतारांवर, झुडपांच्या सावलीत तो वाढतो. आपण ज्या कुंड्या पाहतोय त्या मात्र पुण्यातल्या एका गच्चीवरच्या आहेत. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी त्या सांभाळल्या आहेत. यातली बहुतेक झाडं त्यांनी स्वतः तयार केली आहेत, आणि ही फिल्म मुख्यतः त्या तयार करण्याची आहे.

(दृश्य: कांद्याच्या टोकाशी पोपटी ठिपका. वेगवान चित्रण: कोंब वर येतो, हवेत गोल फिरतो, सुतळीला भिडतो, तिच्याभोवती वळसा घेतो.)

पावसाळा संपता संपता या कुंडीतला कांदा जागा झाला. कॅमेरा एका जागी ठेवून टिपलेलं हे दृश्य वेगवान केलं आहे, त्यामुळे साध्या डोळ्यांना न दिसणारी हालचाल दिसते. कोंबाचं टोक आधार शोधत हवेत गोल गोल फिरतं. सुतळी लागली की तिच्याभोवती वळायला लागतं. त्यानंतर बाजूंना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी बारीक फाटे, आणि थोड्याच दिवसांत आख्ख्या जाळीवर हिरवी, नाजूक, केसांइतकी बारीक गुंतागुंत पसरते. आधार मिळाला तर हा वेल माणसाच्या उंचीच्या वर जातो.

यात पान एकही नाही. बोवियाला लहानपणी एखादं सुईसारखं पान येतं आणि लवकरच वाळून जातं. मोठ्या कांद्यातून जे वर चढतं तो खरं तर फुलांचा दांडा आहे. त्याच्या बहुतेक फाट्यांना फुलं येतच नाहीत. ते हिरवे राहतात आणि पानांचं काम करतात. एखाद्या वनस्पतीनं फुलांच्या दांड्यालाच पानांच्या कामाला लावावं, हे पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. म्हणून हे चित्रण जरा लांबवलं आहे.

(दृश्य: फूल, अगदी जवळून. सहा हिरव्या पाकळ्या मागे वळलेल्या. त्यावर मुंगी.)

(निवेदन नाही. गच्चीवरचे आवाज.)

(दृश्य: टेबलावर पृथ्वीचा गोल. बोट लंडनहून दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडे सरकतं.)

या झाडाला ज्यांचं नाव मिळालं ते जेम्स बोवी लंडनजवळच्या क्यू उद्यानात काम करत. 1814 साली उद्यानानं त्यांना अ‍ॅलन कनिंगहॅम यांच्याबरोबर ब्राझीलला वनस्पती गोळा करायला पाठवलं. 1816 साली दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कनिंगहॅम ऑस्ट्रेलियाला गेले, बोवी केपला. बैलगाडीतून महिनोन्‌महिने फिरत त्यांनी कांदे, बिया, रोपं क्यूला धाडली. पैसे आटले तेव्हा 1823 साली त्यांना परत बोलावून घेतलं गेलं. पण केपची ओढ सुटली नाही. ते पुन्हा तिकडेच गेले आणि 1869 साली तिथेच वारले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1867 साली, हा चढणारा कांदा शास्त्रीय नावानिशी प्रसिद्ध झाला आणि त्यांचं नाव वंशाला लागलं. युरोपातल्या काचघरांमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रसाळ झाडांची आवड रुजली, तिच्यामागे अशा गोळा करणाऱ्यांचे कष्ट आहेत. मात्र तेव्हा गोळा करायचं म्हणजे जमिनीतून उपटूनच न्यायचं. आज तसं करायची गरज उरलेली नाही.

(दृश्य: मे महिन्यातला सह्याद्रीच्या पायथ्याचा वाळका माळ. उघड्या जमिनीतून वर आलेला, पानं नसलेला फुलांचा उंच दांडा.)

हा बोविया नाही. हा आपला रानकांदा, काही भागात याला कोळकांदा म्हणतात. पाऊस यायच्या आधी पानांशिवाय नुसता फुलांचा दांडा वर काढतो, पानं मागाहून येतात. वनस्पतिशास्त्रात हे दोघं जवळचे नातेवाईक आहेत. दोघांच्या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. बोविया पाहायला आफ्रिकेचं तिकीट काढणं सगळ्यांना जमणार नाही. त्याचा हा भाऊबंद मात्र मे महिन्यात डोंगराकडे जाणाऱ्या कुणालाही भेटतो. पाहावा आणि जागेवरच राहू द्यावा.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रावर माती. हात मिसळतायत. चाळणीतून विटांचा चुरा.)

आता लागवड. पुण्याची काळी माती या झाडाला चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि तळाची मुळं गुदमरतात. बाई घेतात एक भाग पोयटा, एक भाग भरड वाळू, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, आणि ओंजळभर पूर्ण कुजलेलं शेणखत. विटा फोडल्यावर चाळून घ्यायच्या, कारण बारीक पूड राहिली तर तीच चिखल करते. हे मिश्रण ओलं करून मुठीत आवळायचं. मूठ उघडल्यावर सुटून पडलं तर जमलं, गोळा राहिला तर वाळू वाढवायची.

कुंडी मातीची, कांद्यापेक्षा जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. मोठी कुंडी दिली की माती वाळायला वेळ लागतो. कांदा पुरायचा नाही, बसवायचा. तळाचा तिसरा हिस्सा मातीत, बाकीचा उघड्यावर. पुरला तर वाळक्या सालींमध्ये ओल साचून राहते.

(दृश्य: झारीतून पाणी. कुंडीखालच्या भोकातून ते लगेच बाहेर येतं.)

पाण्यासाठी तारीख बघू नका, कांद्याकडे बघा. कोंब दिसला की पाणी सुरू करायचं. माती वरून दोन बोटं वाळली की पुन्हा भरपूर द्यायचं. फाटे टोकाकडून पिवळे पडायला लागले की हात आखडायचा, आणि वेल वाळला की पूर्ण बंद. मूळ प्रदेशात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हा कांदा थंडीत झोपतो. आपल्याकडे आल्यावर त्याचं वेळापत्रक बदलू शकतं. या गच्चीवर तो हिवाळ्यात वाढतो आणि पावसाळाभर पत्र्याखाली कोरडा बसतो. दुसऱ्या कुणाकडे वेगळं होईल. जागा झालेला कांदा तहानलेला ठेवू नये आणि झोपलेल्याला भिजवू नये, एवढं पाळलं तरी पुरे.

कांद्याला दुपारचं कडक ऊन नको, सकाळचं चालतं. वेलाला मात्र भरपूर उजेड लागतो. कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. तो वाळक्या सालींच्या आड लपतो, म्हणून सुटलेली साल अधूनमधून काढून पाहायची. पांढरा कापूस दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीनं टिपून घ्यायचा.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात. कांद्याची बाहेरची एक जाड पाकळी बुडापासून अलगद सुटते. कापलेल्या कडेवर रसाचे थेंब.)

हे नीट पाहा. हा कांदा पाकळ्यांचा बनलेला आहे, आणि प्रत्येक निरोगी पाकळीत नवं झाड तयार करण्याची ताकद असते. विश्रांती संपत आली की बाहेरची एखादी मांसल पाकळी बुडाशी हलकेच दाबून सोडवायची. ती तुटली तरी चालेल, पण बुडाचा भाग तिच्याबरोबर यायला हवा, कारण तिथूनच नवे कांदे फुटतात. रस अंगाला लागू नये म्हणून हातमोजे. मूळ कांद्याची जखम दोन-तीन दिवस कोरडी राहू द्यायची. पाकळीही सावलीत ठेवायची, कड सुकेपर्यंत.

(दृश्य: पसरट डब्यात जेमतेम ओलसर भरड वाळू. पाकळ्या बुडाकडून टेकवलेल्या. पुढच्या दृश्यात त्याच पाकळ्या सुरकुतलेल्या.)

मग वाळूत बुडाकडून जराशी टेकवून ठेवायची. वाळू ओलसर हवी, ओली नको. पहिले काही आठवडे पाकळी नुसती सुरकुतत जाते. आपल्या अंगातला ओलावा आणि अन्न ती खाली देत असते, म्हणून ती टाकून द्यायची घाई करू नये.

(दृश्य: अगदी जवळून. पाकळीच्या कडेला मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे हिरवट गोळे. एकातून सुईसारखं पान.)

एका पाकळीला असे अनेक कांदे धरतात. एक मोठा कांदा न मारता, त्याच्या दोन-तीन पाकळ्यांवर आख्खी रांग उभी राहते. शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल इतकं हे सोपं आहे, आणि बाईंनी ते मुलांकडून करून घेतलं आहे.

दुसरा रस्ता बियांचा. मऊ कुंचल्यानं एका फुलावरचे परागकण दुसऱ्या फुलावर न्यायचे, शक्यतो दुसऱ्या कांद्याच्या. बोंड वाळून तपकिरी होतं, उकलतं, आत काळ्या चकचकीत बिया. ताज्या असतानाच भरड वाळूवर पसरून वर वाळूचा पातळ थर द्यायचा. उगवलेल्या रोपांना पहिलं वर्षभर पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही. मोठ्या कांद्याचे नियम त्यांना लागू नाहीत. बियांपासून वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक रोप वेगळं निघतं आणि संग्रहात विविधता येते.

(दृश्य: डबे, त्यांवर खडूनं तारखा.)

दक्षिण आफ्रिकेत हा कांदा पारंपरिक औषधांच्या बाजारात विकला जातो, डर्बनच्या वॉरिक भागातला बाजार त्यासाठी ओळखला जातो. खणल्याशिवाय कांदा मिळत नाही, आणि त्या देशाच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या वनस्पतींच्या नोंदीत, तो आज असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या सेवनानं माणसं दगावलीही आहेत.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर विक्रीला ठेवलेल्या मोठ्या कांद्याचा फोटो. शेजारी गच्चीवरचा, कुंडीतच वाढलेला कांदा.)

बोविया विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच विचारा: हा कुठे वाढला? ज्यानं वाढवला आहे तो तारीख, मिश्रण, पाकळी की बी, सगळं सांगतो. भलामोठा, व्रणांनी भरलेला, मुळं छाटलेला कांदा स्वस्तात समोर आला आणि उत्तर मिळालं नाही, तर तो घेऊ नका. सुपारीएवढा घ्या. मोठं होताना पाहण्यातच या झाडाची गंमत आहे.

(दृश्य: कागदी पाकिटं. त्यांत लहान कांदे, प्रत्येकावर चिठ्ठी.)

बाईंकडून कांदे न्यायला ओळखीचे लोक येतात. पाकिटात कांदा कोरडा असतो, आणि चिठ्ठीवर पाकळी कधी लावली ते, पाणी कधी बंद करायचं ते, आणि ठळक अक्षरात ‘विषारी, खाण्याचा नाही’ असं लिहिलेलं असतं. कुंडी स्वयंपाकघरात ठेवायची नाही, लहान मुलं आणि जनावरं पोचतील तिथेही नाही. हे त्या चिठ्ठीवर लिहितात आणि पाकीट हातात देताना तोंडानंही सांगतात. पैसे घेत नाहीत. दोन वर्षांनी एक पाकळी लावून पुढच्या माणसाला द्या, एवढंच त्यांचं मागणं असतं.