टपालात पडलेली संगीतिका

नमस्कार श्रोतेहो.

इटालियन संगीतकार पिएत्रो मास्कान्यी हे नाव कदाचित तुमच्या ओळखीचं नसेल, पण त्यांची एक सुरावट तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून नक्की गेली आहे. तंतुवाद्यांवर हळुवार सुरू होते, मग खाली ऑर्गनचा भरीव स्वर येतो आणि सगळी व्हायोलिनं एकसुरात वर चढतात. १९८० साली एका मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावर आलेल्या अमेरिकी चित्रपटाची श्रेयनामावली याच सुरावटीवर सरकते. जाहिरातवाल्यांनी तर तिचे इतके तुकडे पाडले आहेत की मूळ वादन अखेरपर्यंत ऐकलेला माणूस शोधावा लागेल. चांगली सुरावट अर्धी तोडून वस्तू विकायला वापरू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि संधी मिळेल तिथे मी ते सांगते.

ही सुरावट म्हणजे ‘कावाल्लेरिया रुस्तिकाना’ या एकअंकी संगीतिकेतलं, म्हणजे ऑपेरातलं, इंटरमेझो, म्हणजे मधलं वादन. संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला १७ मे १८९० रोजी, रोममधल्या कोस्तान्झी नाट्यगृहात. तारीख पुन्हा सांगते, १७ मे १८९०. मास्कान्यी त्या दिवशी सव्वीस वर्षांचे होते.

त्या संध्याकाळपर्यंत ते पोचले कसे, ती गोष्ट मला फार आवडते. आज तीच निवांतपणे सांगणार आहे.

मास्कान्यींचा जन्म ७ डिसेंबर १८६३ चा, लिव्होर्नो या बंदराच्या गावातला. वडील पाव भाजायचे. मुलानं वकील व्हावं ही त्यांची इच्छा, आणि मुलाला संगीताशिवाय काही दिसेना. एका काकांनी आधार दिला, पुढे एका धनिकानं पैसे दिले आणि मुलगा मिलानच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तिथे काही काळ त्यांच्या खोलीतला सोबती होता जाकोमो पुच्चिनी. हो, पुढे संगीतिकांसाठी जगभर गाजलेले तेच पुच्चिनी! पण मास्कान्यींना विद्यालयाची शिस्त मानवली नाही. १८८५ साली शिक्षण अर्धवट टाकून ते बाहेर पडले आणि गावोगाव फिरणाऱ्या हलक्याफुलक्या संगीत नाटकांच्या कंपन्यांत वाद्यवृंद चालवू लागले. आज या गावी, उद्या त्या गावी. त्यातच लीनाबाई त्यांच्या आयुष्यात आल्या. फिरतीला कंटाळून दोघं दक्षिणेकडे चेरिन्योला नावाच्या गावात स्थिरावली. भोवती गव्हाची शेतं आणि ऑलिव्हच्या बागा. गावानं मास्कान्यींना संगीतशिक्षकाची नोकरी दिली. पियानो शिकवा, गाणं शिकवा, कर्णे वाजवणाऱ्यांना शिकवा, गावचा वाद्यवृंद बसवा, सगळं एकट्यानं. मिलान कितीतरी लांब राहिलं.

जुलै १८८८ मध्ये त्यांच्या वाचनात एक जाहिरात आली. मिलानचे प्रकाशक एदोआर्दो सोन्झोन्यो यांनी स्पर्धा जाहीर केली होती. ज्यांची एकही संगीतिका अजून रंगभूमीवर आलेली नाही अशा तरुण इटालियन संगीतकारांनी एकअंकी संगीतिका पाठवायची. निवडलेल्या तिघांचे प्रयोग प्रकाशक स्वतःच्या खर्चानं करणार. मुदत मे १८८९ च्या अखेरीपर्यंत. याच स्पर्धेच्या आधीच्या फेरीत पुच्चिनींनी आपली पहिली संगीतिका पाठवली होती आणि परीक्षकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मास्कान्यींना हे ठाऊक होतं. तरी ते कामाला लागले.

आधी हवी होती संहिता. लिव्होर्नोचे मित्र तार्जोनी तोझ्झेत्ती यांना त्यांनी गळ घातली. त्या मित्रानं मेनाशी नावाचा जोडीदार घेतला आणि दोघांनी जोव्हान्नी वेर्गा यांची सिसिलीतल्या खेड्याची कथा निवडली. ईस्टरची सकाळ. सैन्यातून परतलेला तुरिद्दू. त्याची जुनी प्रेयसी लोला, आता गाडीवान अल्फिओची बायको. तुरिद्दूनं फसवलेली सांतुत्झा. मत्सराच्या भरात सांतुत्झा अल्फिओला सगळं सांगून टाकते आणि दोन पुरुष चाकू घेऊन गावाबाहेर जातात. राजे नाहीत, राण्या नाहीत, देवदेवता तर नाहीतच.

लिहिणारे लिव्होर्नोत, चाल लावणारा चेरिन्योलात. मग पदं टपालानं यायची. कधी चार ओळी, कधी आठ, पुष्कळदा साध्या पोस्टकार्डावर! शेवटी पडद्याआडून एक बाई ओरडते, “तुरिद्दूला मारलं!” मास्कान्यींना सगळ्यात आधी सुचली ती ही आरोळी, असं सांगतात. म्हणजे शेवट आधी आणि बाकीची संगीतिका त्याच्या दिशेनं चालत गेली. ऐकताना मला ते पटतं. पहिल्या घंटेपासून त्या सकाळी काहीतरी वाईट होणार हे कानाला कळत असतं.

काम पुरं झालं, आणि मास्कान्यींचा धीर खचला. त्यांनी ती पुच्चिनींना दाखवली. पुच्चिनींनी ती आपले प्रकाशक जुलिओ रिकोर्दी यांच्यापर्यंत पोचवली. रिकोर्दी म्हणजे थोर संगीतिकाकार वेर्दी यांचे प्रकाशक, इटलीतलं त्या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव. त्यांना ती भावली नाही. मग मास्कान्यींच्या मनानं घेतलं की स्पर्धेला ही नकोच. ‘गुल्येल्मो रॅटक्लिफ’ या संगीतिकेवर ते विद्यार्थिदशेपासून जीव लावून काम करत होते. तिचाच चौथा अंक पाठवावा, असा त्यांचा विचार चालला होता. मुदत संपत आली.

तेव्हा लीनाबाईंनी हस्तलिखित उचललं, बांधलं आणि नवऱ्याला न विचारता टपालात टाकलं. ही गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात, पण प्रत्येक सांगण्यात टपालात टाकणारे हात लीनाबाईंचेच असतात. एवढी वर्षं गावोगावच्या धर्मशाळांत, तुटपुंज्या पगारात, पोराबाळांच्या काळजीत त्या माणसाबरोबर काढलेल्या बाईनं ते संगीत भिंतीपलीकडून रोज ऐकलं होतं. रिकोर्दींना ते मिलानच्या कचेरीत वाचून उमगलं नाही, लीनाबाईंना स्वयंपाकघरात ऐकून उमगलं.

स्पर्धेला एकूण त्र्याहत्तर संगीतिका आल्या. त्र्याहत्तर. १८९० च्या सुरुवातीला मास्कान्यींना रोमहून बोलावणं आलं. परीक्षकांपुढे पियानोला बसून त्यांनी सगळी संगीतिका एकट्यानं वाजवली आणि सगळी पात्रं स्वतःच गायली. पहिला क्रमांक त्यांचा. १७ मे रोजी तुरिद्दू आणि सांतुत्झाच्या भूमिकेत स्तान्यो आणि बेल्लिन्चोनी, ही खऱ्या आयुष्यातलीही जोडी. नाट्यगृह पुरतं भरलेलं नव्हतं. जे आले होते, त्यांनी मास्कान्यींना टाळ्यांच्या गजरात पुन्हा पुन्हा रंगमंचावर बोलावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुडापेस्टला ही संगीतिका नामवंत संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्ह माहलर यांनी सादर केली. चेरिन्योला गावानं आपल्या शिक्षकाचं स्वागत केलं ते एखाद्या राजाचं करावं तसं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मूळ कथालेखक वेर्गा यांना आपल्या हक्काच्या पैशासाठी न्यायालयात जावं लागलं. त्यांना अखेर एक लाख त्रेचाळीस हजार लिरा मिळाले. माझ्या मते ते योग्यच झालं. आपल्याकडेही किती नाटकं आणि चित्रपट कथांवर उभे राहिले, आणि कथा लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत गेलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. मास्कान्यींनी आणखी डझनाहून अधिक संगीतिका लिहिल्या. ‘लामिको फ्रिट्झ’, जपानच्या पार्श्वभूमीवरची ‘आयरिस’. १९१७ च्या ‘राप्सोदिया सातानिका’ या मूकपटासाठीही त्यांनी संगीत रचलं. पण राजा होण्याआधीच आपल्याला मुकुट मिळाला, अशी खंत त्यांच्या नावावर सांगितली जाते, आणि ती खरी वाटते. उतारवयात ते मुसोलिनीच्या राजवटीच्या जवळ गेले आणि त्याचा डाग त्यांच्या नावाला लागला. तो लपवू नये. २ ऑगस्ट १९४५ रोजी रोमच्या एका हॉटेलात त्यांचं निधन झालं.

आता ध्वनिमुद्रिका. एप्रिल १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी मिलानच्या हॉटेलात विख्यात इटालियन गायक एनरिको कारुसो यांच्या दहा तबकड्या केल्या. त्यांत ‘आयरिस’मधलं एक गाणं होतं. तेच गैसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. म्हणजे मास्कान्यींचं गाणं आणि गौहर जान यांचं गाणं, दोन्ही एकाच माणसानं, एकाच वर्षी तबकडीवर उतरवलं.

पण खरा ठेवा आहे तो १९४० चा. संगीतिकेला पन्नास वर्षं झाली म्हणून मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचा वाद्यवृंद घेऊन संपूर्ण ‘कावाल्लेरिया’ मुद्रित झाली. कंपनी तीच, जिच्या तबकड्यांवरचा कुत्रा आणि कर्णा आपल्या आजोबांनी पाहिला आहे. तिची ही इटालियन शाखा. संचालक स्वतः मास्कान्यी, वय शहात्तर. आणि सुरुवातीला ते स्वतः बोलतात! श्रोतेहो, एकोणिसाव्या शतकातल्या संगीतिकेचा कर्ता स्वतःच्या आवाजात तिची ओळख करून देतो, असं फार कमी वेळा घडलं आहे.

तुरिद्दू गायले बेन्यामिनो जिल्यी. त्यांचं जन्मसाल १८९०, म्हणजे गायक आणि संगीतिका एकाच वयाचे, दोघंही पन्नास वर्षांचे. तुरिद्दूच्या आईच्या भूमिकेत जुलिएत्ता सिमिओनातो, तिशीही न गाठलेल्या. मुलगा आईपेक्षा वीस वर्षांनी मोठा! ऐकताना हे जाणवतही नाही. सांतुत्झा आहेत लीना ब्रुना राझा. त्या मानसिक आजाराशी झगडत होत्या, तरी मास्कान्यींना या भूमिकेसाठी त्याच हव्या होत्या. त्यांच्या आवाजातलं आर्जव ऐका, म्हणजे कारण कळेल.

या मुद्रणाची लय फार संथ आहे. पुन्हा सांगते, फार संथ. पुढच्या संचालकांनी हीच संगीतिका कितीतरी वेगानं नेली. म्हातारपणामुळे हात जड झाला होता, असं काही समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटं मावायची. आपले नाट्यगीतांचे गायक अशा वेळी पद आवरतं घ्यायचे. तिथे हा माणूस इंटरमेझोतला प्रत्येक श्वास पुरता घेऊ देतो, आणि वाद्यवृंद कुठेही विस्कटत नाही. हात जड झालेला संचालक वाद्यवृंदाला असा धरून ठेवू शकत नाही.

तबकडीवर मुख्य गायकांची नावं आहेत, वाजवणाऱ्यांची नाहीत. आपल्याकडेही हेच झालं. जुन्या तबकड्यांवर सारंगी कोणी धरली, तबला कोणाचा, हे शोधायला आयुष्य जातं. आकाशवाणीच्या निवेदकांनी साथीदारांची नावं आवर्जून घ्यावीत, आधी आणि नंतरही.

तर आता तेच इंटरमेझो ऐकू या. तंतुवाद्यं, ओबो, हार्प आणि ऑर्गन. वाद्यवृंद ला स्कालाचा, संचालन पिएत्रो मास्कान्यी, मुद्रण मिलान, १९४०. आवाज थोडा वाढवा, जुनी तबकडी आहे.