बराय खणलेला नाही, बांधलेला आहे

मंडळी, कंबोडियातलं अंगकोर, म्हणजे ख्मेर साम्राज्याची जुनी राजधानी, पाहून आलेले बरेच जण इथे आहेत. बराय म्हणजे तिथलं राजानं करवलेलं प्रचंड तळं. पश्चिम बरायच्या काठावर तुम्हाला सांगितलं गेलं असेल, ‘हे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद तळं अकराव्या शतकात राजानं खणून घेतलं.’ यातला ‘खणून’ हा शब्द आज खोडायचा आहे. साम्राज्याचं पाणी का आटलं हा जाहीर केलेला विषय, पण त्याची वाट इथूनच जाते.

हिशेब करा. आठ गुणिले दोन म्हणजे 1600 हेक्टर. सरासरी तीन मीटर खणायचं म्हटलं तरी 4 कोटी 80 लाख घनमीटर माती निघणार. ती टाकणार कुठे? ख्मेरांनी चारी बाजूंनी मातीची पाळ घातली, सुमारे 10 मीटर उंच आणि तळाशी 100 मीटर रुंद. घेर वीस किलोमीटर, छेद त्रिकोणी धरा. माती भरते साधारण एक कोटी घनमीटर. म्हणजे पाचव्या हिश्शाच्या कामात तेवढंच पाणी! शिवाय ते पाणी भोवतालच्या शेतांपेक्षा उंचावर राहतं. पाळीला दार ठेवलं की ते आपोआप उतरतं; खणलेल्या तळ्यातून उपसावं लागतं.

घोळाला राजांचे शब्दही कारण आहेत. इंद्रवर्मा 877 साली गादीवर आला आणि ‘आजपासून पाच दिवसांत खोदकाम सुरू करीन’ अशी प्रतिज्ञा त्यानं कोरून ठेवली. त्यातून झाला इंद्रतटाक, 3.8 किलोमीटर लांब. शब्द खोटा नाही, भरावाची माती कुठून तरी खणावीच लागते. पण तळं उभं राहतं पाळीवर. त्याचा मुलगा यशोवर्मा यानं 900च्या सुमारास साडेसात किलोमीटरचा यशोधरतटाक बांधला, म्हणजे पूर्व बराय. चारी कोपऱ्यांवर संस्कृत शिलालेख!

जाता जाता एक. पश्चिम बरायच्या मधल्या बेटावर 1936 साली ब्राँझचा भव्य शेषशायी विष्णू सापडला. डोकं, खांदे आणि दोन उजवे हात एवढाच भाग. चिनी दूत चौ ता-क्वान 1296-97 मध्ये अंगकोरला होता. निजलेल्या ब्राँझमूर्तीच्या बेंबीतून अखंड पाणी वाहतं, असं त्यानं लिहिलंय. तो तिला बुद्ध म्हणतो. आपल्या माणसाला पद्मनाभ लगेच ओळखू आला असता.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा पाणी का आटलं ते भरभर सांगतो.

मातीच्या पाळीचा जीव सांडव्यात असतो. दहाव्या शतकात कोह केरला, म्हणजे ख्मेरांच्या तेव्हाच्या राजधानीत, सात किलोमीटरचा बांध घातला. सांडवा पुराच्या मानानं तोकडा पडला आणि थोड्याच वर्षांत बांध फुटला. अंगकोरची व्यवस्था मोठी होती. ईशान्येच्या कुलेन डोंगराकडून आलेलं पाणी कालव्यांनी वळवायचं, बरायांत साठवायचं, उरलेलं नैऋत्येला तोन्ले साप सरोवराकडे काढून द्यायचं. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांची वलयं सांगतात की चौदाव्या शतकाच्या मध्यात दशकानुदशकं अवर्षण पडलं आणि मधूनच प्रचंड पावसाची वर्षं आली. पुरानं दक्षिणेचा कालवा जाड वाळूनं भरला. सिएम रीप नदीनं पात्र कित्येक मीटर खोल कापलं, मग कालव्यांची तोंडं वरच राहिली. एक कालवा निकामी झाला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो आणि तोही फुटतो.

पूर्व बराय आज कोरडा आहे, आत भातशेती होते. पश्चिम बरायचा पूर्वेकडचा भाग गाळानं भरलाय, पश्चिमेकडे पाणी आहे. 1950च्या दशकात त्याच्या दक्षिण पाळीला नवं दार बसवलं. त्यातून पाणी आजही उपसा न करता खालच्या शेतांत जातं.